चौकातून चौकटीत

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात वारली चित्रकलेची एक दिवसाची कार्यशाळा भरली होती. आयोजन मराठी विभागाचे, म्हणजे प्रत्यक्षात आम्हां दोघांचेच. लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका शिकवताना विद्यार्थ्यांनी एखादी लोककला डोळ्यांनी पाहावी, ही दर वर्षी व्यक्त होणारी आणि दर वर्षी विरून जाणारी सदिच्छा त्या वर्षी कशीबशी तडीस गेली होती. डहाणूकडून एक तरुण चित्रकार आला. त्याने गेरूने रंगवलेले कागद वाटले, पांढऱ्या रंगाच्या वाट्या मांडल्या आणि दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस कसा उभा राहतो, हे फळ्यावर दाखवले. अर्ध्या तासात साठ मुलांनी साठ माणसे उभी केली. सगळे खूष होते. दुपारी जेवताना एका विद्यार्थिनीने त्याला सहज विचारले, की तुमच्याकडे लग्नात भिंतीवर चौक कोण काढते? तो म्हणाला, ''चौक बायकांचा. मी काढतो ते कागदावरचं.'' एवढे बोलून तो पुन्हा जेवू लागला.

हे उत्तर त्याच्या दृष्टीने अगदी साधी माहिती होती. आमची मात्र त्याने पंचाईत केली. आम्ही ज्याला 'वारली चित्रकला' म्हणून बोलावले होते तिचे दोन भाग आहेत, ते भाग दोन निरनिराळ्या हातांत आहेत, आणि आमच्या भित्तिपत्रकावर त्यांपैकी एकाचाच फोटो होता. मधल्या पन्नास वर्षांत हे कसे घडले, त्यात प्रदर्शनांचा वाटा किती आणि कार्यशाळांचा किती, हे पाहण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत. आम्ही चित्रकलेचे जाणकार नाही. साहित्याच्या माणसांना संहिता, कर्ता आणि श्रोता ह्या तीन गोष्टींबद्दल प्रश्न विचारण्याची सवय असते. तेवढीच आमची सामग्री.

आधी चौकाविषयी. वारल्यांचे लग्न चौकावाचून लागत नाही. कुडाच्या, शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर गेरू फिरवून सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौकोन आखतात. बांबूची काडी टोकाशी चावली की कुंचला तयार होतो. चौकोनाच्या कडांना नक्षीच्या पट्ट्यांमागून पट्ट्या चढत जातात आणि मध्ये पालघट देवी येते. तिच्याभोवती झाडे, प्राणी, सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारी देवचौक, त्यात पंचशिऱ्या देव. हे चालू असताना धवलेरी गात असते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री. वारल्यांच्या लग्नात ब्राह्मण नसतो, मंत्र नसतात. धवलेरीची गाणी हाच विधी. तेव्हा चौक हे नुसते चित्र नव्हे. ते काढण्याची क्रिया, ते काढताना गायिली जाणारी गाणी आणि त्यासाठी जमलेली माणसे, एवढे सगळे मिळून चौक होतो. लग्न झाले की त्याचे काम संपते. पुढच्या सारवणात तो जातो, आणि तो गेला म्हणून कोणाला वाईट वाटल्याचे ऐकिवात नाही. त्याच्यावर सही नसते, हे वेगळे सांगायला नकोच. ओवीवर तरी कुठे असते?

पण लग्न म्हटले की आणखी एक शब्द आठवायला हवा, तो म्हणजे 'लग्नगडी'. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) आमच्या पिढीने अभ्यासक्रमात नाही तरी अभ्यासक्रमाबाहेर वाचले. ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारली तरुणाला लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज घ्यावे लागे, आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी बिनमजुरीने राबावे लागे. कर्ज फिटत नसे. फिटू दिले जात नसे, हे अधिक खरे. नवऱ्याबरोबर बायको राबे, पुढे मुले राबत. ज्या लग्नासाठी भिंतीवर पालघट बसे, त्याच लग्नाने ते जोडपे वेठीला लागे. म्हणजे पीठ आणि गेरू ज्या झोपडीत कालवले जात होते, तिच्या दारातच गुलामीचा करार उभा होता.

१९४५ साली हे मोडले. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले आणि मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी परिषद. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, गावोगाव लग्नगडी मोकळे झाले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण मारले गेले. गंमत अशी, की वारल्यांच्या चालीरीतींवरचे के. जे. सावे यांचे इंग्रजी पुस्तकही ह्याच १९४५ सालचे. एकाच वर्षी वारली पुस्तकाचा विषय झाले आणि इतिहासाचे कर्तेही. पुढच्या काळात कलेविषयी लिहिणाऱ्यांनी ह्या दोहोंपैकी पहिलीच वाट धरली, अशी आमची तक्रार आहे. तिच्याकडे पुन्हा येऊच.

कागदाची कथा मुंबईतून सुरू होते, पण तिचा पहिला अंक बिहारात घडला. भास्कर कुलकर्णी हे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करणारे चित्रकार. १९६६ च्या सुमारास बिहारात दुष्काळ पडला असताना पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवले. कल्पना अशी, की तिथल्या स्त्रिया घराच्या भिंतींवर जी चित्रे काढतात ती त्यांनी कागदावर काढावीत, हस्तकला मंडळाने ती विकावीत, आणि दुष्काळात घरात चार पैसे यावेत. कुलकर्ण्यांनी कागद वाटले. पुढचे सर्वश्रुत आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हेच कुलकर्णी डहाणूजवळच्या गंजाड परिसरात आले. ह्या गृहस्थांविषयी लिहावे तेवढे थोडेच आहे. सरकारी नोकरीतला माणूस खेड्यात जाऊन राहतो, कागद आणि रंग वाटतो, चित्रे उचलून शहरात नेतो आणि स्वतःचे नाव मात्र मागे ठेवतो, हे दृश्य तेव्हाही दुर्मीळ असणार. १९८३ साली ते वारले. मराठी वाचकाला त्यांचे नाव आजही फारसे ठाऊक नाही, ह्याबद्दल आपण सर्वांनीच थोडे ओशाळावे.

मिथिलेत त्यांनी कागद दिला तो स्त्रियांच्या हातात, आणि तो स्त्रियांच्याच हातात राहिला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी, महासुंदरी देवी, बउआ देवी, गोदावरी दत्त, दुलारी देवी: मधुबनीच्या पद्मश्रींची यादी बहुतांशी स्त्रियांची आहे. गंजाडला मात्र कागद हाती घेतला तो जिव्या सोमा माशे ह्यांनी. वारली चित्रकलेच्या पहिल्या तीस वर्षांत जी नावे बाहेर ऐकू आली, ती जवळजवळ सगळी पुरुषांची. एकच मध्यस्थ, तोच कागद, कालावधीही जवळजवळ तोच, आणि निष्पत्ती मात्र उलटी. असे का व्हावे?

ह्याला सोपे उत्तर असे दिले जाते, की वारली स्त्रिया बुजऱ्या होत्या, परक्यांसमोर आल्या नाहीत. आम्हांला ते पटत नाही. ज्या समाजात लग्न लावण्याचा अधिकार स्त्रीकडे, तिथल्या स्त्रिया मिथिलेतल्या पडदानशीन ब्राह्मण-कायस्थ स्त्रियांपेक्षा अधिक बुजऱ्या होत्या, हे मानणे कठीण आहे. आमच्या मते फरक चित्राच्या स्वभावात आहे. मिथिलेत कोहबर हे लग्नाचे चित्र खरेच, पण त्याच्या जोडीला व्रतांची, सणांची, अंगणातली रेखाटने होती. चित्र काढणे हा उच्चवर्णीय घरातल्या मुलीच्या शिक्षणाचाच भाग होता. कागद उंबऱ्याच्या आत आला आणि त्या उंबऱ्याच्या आत राहूनच काम करता आले. उंबरा ओलांडायचा नाही हे बंधन तिथे चमत्कारिक रीतीने उपयोगी पडले. चौकाचे तसे नाही. चौक लग्नाशिवाय काढायचा नसतो. कुठल्याही मंगळवारी दुपारी, कोणाचे लग्न नसताना, कुणी मुंबईहून आले आहे म्हणून पालघट बसवायची, ह्याला वारली सवाशिणीच्या व्यवहारात अर्थच नव्हता. तिने कागद नाकारला असेल तर तो लाजेपोटी नव्हे, व्याकरणापोटी.

आणि जिव्या सोमा हे त्या व्याकरणाबाहेरचे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १९३४ च्या सुमाराचा, आजच्या तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आई गेली, त्या धक्क्याने मूल बोलेनासे झाले आणि धुळीत रेघा काढून सांगू लागले, अशी कथा त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितली जाते. संतचरित्रांच्या वाचकाला ह्या कथेचा घाट ओळखीचा वाटेल. तरी ती खोटी म्हणण्याचे कारण नाही. पुढे ते गंजाडच्या कळंबीपाड्यावर आले, शेतमजुरी करू लागले आणि लग्न असो वा नसो, चित्रे काढू लागले. विधीविना चित्र काढणारा वारली कुलकर्ण्यांना भेटला आणि कागदाला त्याचा माणूस मिळाला. त्यांच्या कागदावर पालघट मागे सरली आणि पूर्वी चौकाच्या भोवतीने असणारी वस्ती मधोमध आली: लावणी, मळणी, तारप्याभोवतीचे वर्तुळ, मुंग्यांचे वारूळ, संबंध कागद व्यापणारे मासे धरायचे जाळे. ही निर्मिती त्यांची, नि:संशय त्यांचीच. चौक काढणाऱ्या हातांची नक्कल ते करीत नव्हते. त्या हातांची भाषा घेऊन त्यांनी गद्य लिहायला सुरुवात केली, असे म्हटले तर आमचे विद्यार्थी समजतील.

१९७५ साली मुंबईत जहांगीर कलादालनाच्या इमारतीत असलेल्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली. केकू आणि खोर्शेद गांधी यांची ही गॅलरी १९६३ पासूनची. आधुनिक भारतीय चित्रकलेची मोठी नावे तिथेच टांगली गेली होती. त्या भिंतीवर वारली चित्र चढले, ही घटना आम्हांला फार महत्त्वाची वाटते. त्यापूर्वी आदिवासींच्या वस्तू शहरात आल्या त्या संग्रहालयात किंवा हस्तकलेच्या दुकानात: संग्रहालयात त्या जमातीच्या, दुकानात त्या डझनाच्या. गॅलरीत चित्राखाली एका माणसाचे नाव येते. १९७६ साली माशे ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्या नावाची गावाबाहेर कोणी दखल घेतली नसती त्याचे नाव दिल्लीत पुकारले गेले. सही आली ती अशी. सहीने ह्या चित्रांना जे दिले ते लहान नाही; तिला नावे ठेवण्याची आज फॅशन आहे, ती आम्हांला मान्य नाही. पण सही हा एकवचनी प्रत्यय आहे. तो लागला की मूळ शब्द अनेकवचनी होता, हे विसरायला होते.

पुढची नोंद भराभर करता येईल. १९८८ साली यशोधरा दालमियांचे वारल्यांच्या चित्रसृष्टीवरचे पुस्तक ललित कला अकादमीने काढले. धवलेरी आणि तिची गाणी ह्यांना त्यात मानाचे स्थान आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. १९८९ साली पॅरिसच्या 'माजिसियाँ द ला तेर' ह्या गाजलेल्या प्रदर्शनात माशे होते. १९९८ साली दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात ज्योतींद्र जैनांनी 'अदर मास्टर्स' हे प्रदर्शन भरवले, त्यातल्या पाच कलावंतांत गंगा देवी, जनगढसिंह श्याम, सोनाबाई आणि नीलमणी देवी ह्यांच्याबरोबर माशे होते. २००३ साली ड्युसेलडॉर्फला इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि माशे यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. २००९ साली प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी माशे गेले. जपानात नीगाता प्रांतातल्या मिथिला संग्रहालयात जाऊन त्यांनी चित्रे काढली होती. त्याच संग्रहालयात २००१ च्या जुलैत जनगढसिंह श्याम यांनी आत्महत्या केली, हेही ह्या नोंदीतच यायला हवे. परदेशी बोलावणे येणे आणि परदेशी एकटे पडणे ह्या दोन्ही गोष्टी प्रदर्शनाच्या इतिहासाच्याच आहेत. मानपत्रांच्या यादीत पहिलीच येते.

आता तक्रारीकडे. ह्या प्रदर्शनांची पत्रके आणि भिंतीवरच्या ओळी वाचल्या की एक ठरीव सूर लागतो. वारली चित्रकला 'हजारो वर्षांची', 'दहाव्या शतकापासूनची', 'गुहाचित्रांची वारस'. आधार काय? वर म्हटल्याप्रमाणे चौक सारवणात जातो. जुनी भिंत उरलेली नाही, उरण्यासाठी ती नव्हतीच. गुहाचित्रांशी आकारांचे साम्य दिसते हे खरे. पण त्रिकोणांचे साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. भाषाविज्ञानात अशा नुसत्या ध्वनिसाम्यावरून कोणी व्युत्पत्ती मांडली तर आपण त्याला परीक्षेत नापास करतो. चित्रकलेत मात्र तीच गोष्ट प्रस्तावनेत छापली जाते. आणि ह्या अतिप्राचीनतेची किंमत कोण देते? तिच्यामुळे मधला इतिहास गळतो. जिव्या सोमा माशे ज्या भागात जन्मले तो १९४५ च्या उठावाचा गाभा. त्या वर्षी ते अकरा-बारा वर्षांचे असणार. त्यांच्या आसपासची माणसे वेठीतून सुटली ती त्यांच्या डोळ्यांदेखत. परंतु पत्रकांत त्यांच्या आयुष्याला एकच दुःख आहे, ते आईच्या मृत्यूचे. लग्नगडी हा शब्द आम्हांला एकाही प्रदर्शनाच्या भिंतीवर अजून दिसलेला नाही. लग्न मात्र सगळीकडे दिसते. बाशिंग बांधलेले जोडपे घोड्यावर बसलेले असते.

हे केवळ अज्ञान नव्हे असा आमचा संशय आहे. प्रदर्शनाला कारागीर लागतो तो काळाबाहेरचा. १८८६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये वसाहतींचे आणि हिंदुस्थानचे जंगी प्रदर्शन भरले होते. तिथे नुसत्या वस्तू नव्हत्या, 'जिवंत' कारागीरही बसवले होते: विणकर, कुंभार, कोरीवकाम करणारे, प्रेक्षकांसमोर काम करताना. हिंदुस्थानातल्या खेड्यातले पिढीजात कारागीर म्हणून लोकांनी त्यांना कौतुकाने पाहिले. वास्तविक त्यांतले बरेचसे आग्ऱ्याच्या मध्यवर्ती तुरुंगात कला शिकलेले कैदी होते. तुरुंग दाखवला असता तर खेडे दिसले नसते. स्वतंत्र भारतातल्या प्रदर्शनांना ह्या माळेत ओवणे अन्यायाचे होईल. इथे कलावंत आपल्या पायांनी येतो, मोबदला घेतो, नाही म्हणू शकतो. पण प्रात्यक्षिकाचा तो मांडव, ती सतरंजी, तो 'पाहा, कसा सहज काढतो' असा उद्गार पाहिला की हे घराणे फार जुने आहे हे लक्षात येते. आमच्या कार्यशाळेतही सतरंजी होती. आम्हीच ती शारीरिक शिक्षण विभागाकडून मागून आणली होती.

भिंत आणि प्रदर्शन ह्यांच्या नात्यातला एक प्रसंग ह्या संदर्भात विसरता येत नाही. गंगा देवींनी दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात अखेरच्या आजारपणात एका खोलीच्या भिंतींवर कोहबर रंगवला होता. १९९१ साली त्या गेल्या. २०१५ साली संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंती नष्ट झाल्याची बातमी आली आणि कलाजगतात मोठा संताप उसळला. संताप रास्तच होता. आम्हांलाही तो आला. पण थोडे थांबून पाहिले तर कोड्यात पडायला होते. मधुबनीच्या घरात तोच कोहबर काही वर्षांनी पुसला गेला असता आणि कोणी अवाक्षर काढले नसते. तिथे पुसणाऱ्या हाताला पुन्हा काढता येत होते, संग्रहालयात पुसणाऱ्या हाताला येत नव्हते. एवढाच फरक, पण सगळे त्यात आले.

कार्यशाळेची गोष्ट प्रदर्शनापेक्षा निराळी आहे, आणि तिच्याविषयी आम्ही दोघे एकमताचे नाही. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे, की एका दिवसात त्रिकोण शिकवणारी कार्यशाळा ही कलेची बाराखडी करून टाकते. साठ मुलांना वाटते आपल्याला वारली 'येते', आणि दिवाळीत पणत्यांवर, लग्नपत्रिकांवर, इमारतींच्या जिन्यांवर तीच माणसे नाचू लागतात, तारप्याशिवाय. दुसऱ्याचे म्हणणे, की बाराखडी ही काही वाईट गोष्ट नव्हे. त्या तरुणाला महिन्यात अशा चार कार्यशाळा मिळाल्या तर त्याला कारखान्यात रोजंदारीला जावे लागत नाही, आणि आपल्या सौंदर्यदृष्टीच्या शुद्धतेसाठी त्याने रोजंदारीला जावे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. हा वाद स्टाफरूममध्ये अनेकदा झाला आहे. मिटलेला नाही. दोघांनाही मान्य असलेली गोष्ट एवढीच, की पुरुष-चित्रकारांची दुसरी आणि तिसरी पिढी ह्या कार्यशाळांतून घडली आणि मुलीही प्रथम ह्याच वाटेने कागदाकडे आल्या. लग्नाची वाट न पाहता काढता येण्याजोगे चित्र त्यांना तिथे मिळाले. आज डहाणू-तलासरी-विक्रमगड भागातल्या तरुणी आपल्या नावाने चित्रे काढतात, विकतात. जी सही प्रथम पुरुषाला मिळाली ती स्त्रीला मिळायला एक पिढी जास्त लागली.

मालकीचा प्रश्न २०१४ साली एका निराळ्या रीतीने पुढे आला. आदिवासी युवा सेवा संघाने केलेल्या अर्जावर वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. ही कल्पना आपल्याकडे दार्जिलिंगच्या चहापासून परिचित. तिचे वैशिष्ट्य असे, की हक्क कोणा एकाचा नसतो, त्या भूभागातल्या उत्पादक समूहाचा असतो. म्हणजे सहीने जे एकवचनी केले होते ते कायद्याने पुन्हा अनेकवचनी केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. निर्देशांकामुळे पणत्यांवरची माणसे नाचायची थांबली नाहीत. कायद्याने ती थांबतील असे कोणाला खरोखर वाटले असेल तर तो भाबडेपणा. पण 'ही आमची आहे' असे म्हणायला एक कागद हाती आला. एका कागदाने गेलेले दुसऱ्या कागदाने थोडेफार परत मिळावे, हे ह्या कथेला साजेसेच.

भूभाग म्हटले की तो भूभाग उरतो का, हा प्रश्न येतोच. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. त्याच किनाऱ्यावर वाढवण येथे महाकाय बंदराला २०२४ साली केंद्राने मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली; मासेमार आणि आदिवासी ह्यांचा विरोध त्याआधी कित्येक वर्षे चालू होता. चित्रांत हे येते की नाही? येते. गंजाडचे राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून एकत्र केलेले काम आम्हांला ह्या दृष्टीने विलक्षण वाटले. गिल भूप्रदेशाचे कृष्णधवल छायाचित्र काढतात. त्यात बरेचदा वांगड स्वतः उभे किंवा बसलेले असतात. मग त्या छायाचित्रावर वांगड शाईने रेखाटतात. कॅमेऱ्याला रिकामे दिसलेले माळरान त्यांच्या रेघांनी गजबजते: देव, कथा, झाडे, आणि त्यांच्याच जोडीने गावावर आलेली संकटे, कारखाने, अत्याचार. चित्रकाराला आपल्या गावाचा इतिहास ठाऊक असतो आणि पत्रक लिहिणाऱ्याला नसतो, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा आम्हांला सापडलेला नाही. छायाचित्राखाली दोघांचीही नावे असतात.

आता राहिली धवलेरी. चित्र कागदावर आले, गाणे कुठे आले? त्याचे संकलन झाले आहे, थोडे लिप्यंतरही झाले आहे, पण प्रदर्शनात चित्रासमोर उभे राहिलेल्या माणसाच्या कानावर ते पडत नाही. मराठीच्या अध्यापकांनी इथे दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. चित्र चित्रकारांनी उचलले. गाणे उचलण्याचे काम आपले होते. वारली बोली आपल्या विद्यापीठांपासून रेल्वेने तीन तासांवर बोलली जाते, आणि लोकसाहित्याच्या उत्तरपत्रिकांत विद्यार्थी अजून भोंडल्याचीच उदाहरणे देतात. ती आम्हीच दिलेली असतात.

त्या कार्यशाळेच्या पुढच्या वर्षी आम्ही एक बेत केला. चौकाचे खरे स्वरूप मुलांना दिसावे म्हणून त्या तरुणाची आई आणि गावातल्या दोन-तीन सवाशिणी, जमल्यास एखादी धवलेरी, अशा सगळ्यांना महाविद्यालयात बोलवायचे. सभागृहाच्या मागच्या भिंतीला गेरू द्यायचा, त्यांनी गात गात चौक काढायचा. प्राचार्यांची परवानगी मिळाली, मानधनाची आणि प्रवासखर्चाची तरतूद झाली, तारीखही ठरली. आम्ही त्याला फोन केला. सगळे ऐकून घेऊन त्याने आईला विचारतो म्हटले आणि फोन तसाच हातात धरून तो आत गेला. बऱ्याच वेळाने परत आला.

''सर, आई विचारतेय,'' तो म्हणाला, ''लग्न कोणाचं आहे?''

त्या वर्षीची तरतूद पथनाट्याच्या शिबिरावर खर्च झाली.